खोटी चिठ्ठी

"तुमचे बंधू अगदी स्वच्छ आहेत," किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एखाद्या साध्या माणसानं अशा वेळी निदान सुस्कारा तरी सोडला असता. हा गृहस्थ कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत बसला. काट्यावर कुणी उभं नव्हतं, तरी सुई शून्याच्या किंचित पुढे सरकून राहिली होती. म्हणजे या खोलीत आजवर जेवढ्यांची वजनं झाली, त्या सगळ्यांच्या फायलीत अर्धा किलो माणूस जास्तीचा नोंदला गेला आहे, असं त्याच्या मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, जणू त्याच फटीतून आत शिरल्यासारखं, दुसरं आलं. हे बरोबर नाही. "दोष तुमच्यात सापडलाय, त्यांच्यात नाही," बाई सांगत होत्या. "नऊ वर्षांनी तुमच्या आजाराला नाव मिळालं आणि किडनी द्यायला भाऊ मोकळा झाला. दोन चांगल्या बातम्या एकाच दिवशी मी कुणाला क्वचितच देते." त्यानं कागद मागून घेतला आणि सवयीप्रमाणे तीनदा वाचला. पहिल्या नळीत, म्हणजे त्याच्या नावाच्या, दोष होता. दुसरीत, म्हणजे दादाच्या नावाच्या, नव्हता. तिन्ही वेळा तेच. फक्त एक गोष्ट कागदाला माहीत नव्हती, बाईंना माहीत नव्हती, कुणालाच माहीत नव्हती: नळ्या पाठवण्याआधी त्यांच्यावरच्या नावांच्या चिठ्ठ्या त्यानं स्वतःच्या हातानं बदलल्या होत्या. त्याच्या नावाच्या नळीत दादाची थुंकी होती.

शहाणा माणूस असं करत नाही हे त्यालाही मान्य होतं. पण त्याची सगळी हयात वजनमापं तपासण्याच्या कार्यालयात गेली होती, आणि तिथं शहाणपणापेक्षा संशयाला जास्त किंमत होती. जाड भिंतींच्या, पंखे बंद ठेवलेल्या खोलीत तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत पितळी वजनं चिमट्यानं उचलून तराजूत ठेवत असे. चिमट्यानं, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. कोणतंही माप पहिल्यांदा आलं की तो म्हणे, "पुन्हा एकदा." दुसऱ्यांदा तेच आलं तरी म्हणे, "पुन्हा एकदा." कार्यालयात त्याचं नावच पुन्हाएकदा पडलं होतं. शिपाई चहा आणताना दारातून ओरडे, "पुन्हाएकदासाहेबांना किती साखर?" आणि कुणीतरी आतून म्हणे, "तीनदा विचार." पुन्हाएकदाला त्याचं वाईट वाटत नसे. उलट दर तीन महिन्यांनी तो आपल्या सहायकांवर एक प्रयोग करी. पाचशे ग्रॅमच्या वजनाला चारशे ब्याण्णवची चिठ्ठी बांधून ते इतर वजनांत मिसळून देई. जो माणूस चिठ्ठी वाचून आकडा लिहील तो पकडला जाई. जो तराजू वाचून लिहील तो सुटे. या प्रयोगाचा एकच नियम होता, आणि तो त्याला त्याच्या जुन्या साहेबांनी शिकवला होता: खोटी चिठ्ठी संध्याकाळच्या आत काढायची. नाहीतर ती खरी होऊन बसते.

म्हणजे प्रयोगशाळेवरही त्यानं हेच केलं होतं, आणि त्या वेळी ते त्याला इतकं रास्त वाटलं होतं की बायकोलाही सांगायची गरज वाटली नाही. खरं तर या तपासणीला तो तयार झाला तोच मुळी एका वाक्यापायी. नऊ वर्षं त्याच्या फायलीवर 'रक्तदाबामुळे' असं लिहिलेलं होतं. आधीचे डॉक्टर दर भेटीत किडनीचा आकडा सांगत, चाळीस, तेहतीस, सव्वीस, जणू लिफ्ट खाली चालली आहे आणि आपण नुसते मजले मोजायचे. आकडा चौदावर आला तेव्हा ते निवृत्त झाले आणि या बाई आल्या. त्यांनी फाईल मागून पुढे वाचली, सोनोग्राफी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हे कुणीतरी अंदाजानं लिहिलंय." अंदाजानं! तराजूच्या खोलीत या शब्दाला शिवीचा दर्जा होता. "लघवी स्वच्छ, किडन्या लहान, आणि रक्तदाब आधी की किडनी आधी हे कुणी पाहिलेलंच नाही. घरात आणखी कुणाला?" त्या 'आणखी कुणाला'नं मात्र तो सावध झाला. डॉक्टरनं घरच्यांची चौकशी केली की त्याला वाटे, माल इथला नाही म्हणून मागच्या दुकानात पाठवताहेत.

शेजारच्या खोलीत बसणाऱ्या समुपदेशक मुलीनं मग एका कोऱ्या कागदावर त्याचं घराणं काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आईचा गोल काढून ती पेन्सिल धरून थांबली. "आई कशानं गेल्या?" "अशक्तपणानं," तो म्हणाला. "म्हणजे?" म्हणजे काय हे त्याला पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आई एक्केचाळिसाव्या वर्षी अशक्तपणानं गेली, एवढंच घरात ठरलेलं होतं. "पाय सुजायचे? अंगठा?" मुलीनं विचारलं, आणि त्याला एकाएकी बादली दिसली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आई बसलेली, उजवा पाय थंड पाण्याच्या लोखंडी बादलीत, हातात निवडायची भाजी. चालून दमले, असं ती म्हणे. कुठं चालायची ती? घराबाहेर तर फारशी पडत नव्हती. मुलीनं गोल अर्धा काळा केला. मग समजावून सांगितलं: किडनी एक प्रथिन तयार करत असते, काही घराण्यांत त्याचा साचाच वाकडा येतो, मग ते बाहेर न पडता पेशीतच अडकून बसतं, वर्षानुवर्षं साचत राहतं. रक्तात युरिक अॅसिड वाढतं, काहींचा पायाचा अंगठा तरुणपणीच ठणकतो. काहींना मरेपर्यंत काहीच कळत नाही. मुलांत येण्याची शक्यता निम्मी. "तुमचा अंगठा कधी?" "कधीच नाही." मग तिनं दादाला विचारलं, कारण किडनी देतो म्हणून दादा पहिल्या दिवसापासून शेजारच्या खुर्चीत हजर होता. "छे हो," दादा हसला. "तीस वर्षं बसचा क्लच दाबलाय. पाय लोखंडाचा झालाय." मुलगीही हसली आणि दादाचा चौकोन कोराच राहिला.

आकडा चौदा, वेळ कमी, म्हणून दोघांची तपासणी एकदमच पाठवायची ठरली. घरीच थुंकायचं होतं. दोन डबे आले, प्रत्येकात एक नळी, वर नरसाळं, अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, रेषेपर्यंत भरायचं. दोघं भाऊ जेवणाच्या टेबलापाशी समोरासमोर बसले आणि लहानपणी शाळेच्या भिंतीवर जी स्पर्धा चालायची ती साठीच्या आगेमागे पुन्हा झाली. दादा आधी जिंकला. "बघ बारक्या, अजून दाब आहे," म्हणून तो चूळ भरायला मोरीकडे गेला. नळ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्हींत तेवढंच, तसंच, फेसाळ. यातलं कुठलं कुणाचं हे चिठ्ठीशिवाय देवालाही सांगता आलं नसतं. पुन्हाएकदाची नखं याच कामासाठी वाढवलेली होती. दोन चिठ्ठ्या, दहा सेकंद. एकीचा कोपरा जरासा फाटला. निकाल आला की दादा आजारी आणि मी स्वच्छ असं निघेल, मग आपण बाईंना म्हणू, शाबास, तुमची प्रयोगशाळा तराजू वाचते. आता नावं उलटी लावा. एवढाच बेत होता. शर्ट बदलताना मात्र त्याला साहेबांचा नियम आठवला आणि खोट्या चिठ्ठ्या आजच परत फिरवाव्यात असं वाटलं. पण तो शर्ट बदलून बाहेर येईतो कुरिअरवाला दारात उभा होता आणि दादानं दोन्ही डबे त्याच्या हवाली करून टाकले होते.

आता तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होता आणि त्याच्या हातात तिसरा डबा होता. बाईंनी निघताना दिला होता. "मुलीचीही करून घ्या. तेवीस वर्षांची आहे ना? आत्ता कळलं तर बरंच करता येतं. वेदनाशामक गोळ्या टाळायच्या, रक्त बघत राहायचं. आणि उद्या तिलाच तुम्हाला किडनी द्यावीशी वाटली तर?" डब्यावर मुलीचं नाव आधीच चिकटवलेलं होतं, कोपरे सगळे शाबूत. तिला त्यानं तिथूनच फोन केला होता. ती म्हणाली, "बाबा, थुंकायचंय ना नुसतं? त्यात एवढा आवाज कशाला पडलाय तुमचा?" आणि मग थोडं थांबून, हलकेच, "पन्नास टक्के म्हणजे नाणं उडवल्यासारखंच ना?" पुन्हाएकदाला नाण्यांविषयी बरंच माहीत होतं. कुठलंही नाणं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. पण तो म्हणाला, "हो, तसंच."

रस्त्याच्या कडेनं चालताना त्यानं सगळं पुन्हा मांडून पाहिलं. प्रयोगशाळेनं चूक केली असेल? तीच पहिली शंका, आणि तिनंच त्याला थोडा वेळ उबदार ठेवलं. पण चूक होऊन निकाल नेमका सरळ कसा येईल? दुसरी शक्यता, कुणीतरी चिठ्ठ्या परत फिरवल्या. टेबलापाशी दुसरा माणूस एकच होता. आणि तिसरी शक्यता अशी होती की तिच्याकडे तो सरळ बघत नव्हता, समोरून येणाऱ्या सावकाराकडे बघत नाहीत तसं. प्रयोगशाळा बरोबर होती. चिठ्ठ्या उलट्याच होत्या. दोष दादात होता, आणि त्याची स्वतःची किडनी खरोखरच रक्तदाबानं आणि वीस वर्षं डोकेदुखीवर खाल्लेल्या गोळ्यांनी गेली होती. म्हणजे पोरगी सुटली. हे मनात आलं आणि त्याला इतका आनंद झाला की तो एका कपडे इस्त्री करणाऱ्याच्या टेबलाला धडकला. "अहो काका, डोळे कुठं आहेत?" इस्त्रीवाला म्हणाला. मग त्या आनंदाचाच त्याला संशय आला. तपासणाऱ्यानं निकाल आधी मनात ठरवला की सुई तिकडेच झुकलेली दिसते; हे त्यानंच नव्या माणसांना शिकवलेलं. पोरगी सुटावी म्हणून आपण सख्ख्या भावाच्या अंगात रोग घालतो आहोत काय? आणि दुसऱ्या पारड्यात किडनी होती. गप्प बसलं तर मिळते आहे. बोललं तर जाते आहे. नुसतं गप्प बसायचं. आयुष्यात तेवढंच तर जमलं नव्हतं.

दादा दोन गल्ल्या पलीकडे, लाँड्रीच्या माडीवर एकटा राहायचा. लग्न केलं नव्हतं. बसच माझी बायको, असं म्हणायचा, आणि निवृत्त झाल्यावर, आता विधुर झालो. दुपारचे तीन वाजले होते. बेल वाजवल्यावर आतून बराच वेळ काही हललं नाही. मग खुर्ची सरकली आणि दार उघडलं. दादा अंगात बनियन, कमरेला लुंगी आणि पायात काळे बूट, नाड्या बांधलेले.

"कुठं निघालास?"

"कुठं नाही. म्हणजे, निघत होतो. भाजीला." दादानं लुंगीकडे पाहिलं. "बदलणार होतो. ये ना. मला सकाळीच फोन आला बाईंचा. मी स्वच्छ! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला स्वच्छ म्हटलं. तारीख काय दिली?"

त्यानं मुलीचा डबा टेबलावर ठेवला. टेबलावर बिस्किटांचा पुडा होता, कागद दातांनी फाडलेला. दादाच्या हाताला नखं नव्हतीच. क्लचवर पाय आणि दातांत नख, अशी तीस वर्षं गेली होती. गोळ्यांचं पाकीटसुद्धा तो लाँड्रीवालीकडून उघडून घ्यायचा. हे आत्ताच का दिसावं? नेहमीचंच होतं की. घरातली माणसं आपण बघत नाही, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचतो. दादा म्हणजे दणकट, मी म्हणजे नाजूक. हे आईनं कधीतरी बांधलं आणि कुणी सोडलं नाही.

"दादा, एक सांगायचंय. त्या दिवशी मी चिठ्ठ्या बदलल्या होत्या. नळ्यांवरच्या. तू चूळ भरत होतास तेव्हा."

दादाला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. तो नुसता बिस्किटाचा पुडा सारखा करत राहिला. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "मोरीच्या आरशात दिसत होतास. म्हटलं, चाललंय याचं कार्यालय. तू शर्ट बदलायला गेलास तेव्हा मी परत जागच्या जागी लावल्या. झालं? आता तारीख सांग."

उत्तर तयार होतं. फार तयार होतं. पहिल्या मापाला इतकं नेमकं उत्तर कुठल्याही तराजूनं त्याला दिलं नव्हतं.

"कशानं काढल्यास?"

"कशानं म्हणजे? नखानं."

"कुठल्या?"

दादानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "वकिली करू नकोस, बारक्या. किडनी देतोय, उलटतपासणी कसली घेतोस? सगळ्या जगात एक माणूस दाखव, ज्याला फुकट किडनी मिळते आणि तो पावती मागतो!"

"पुन्हा एकदा सांग. कशा काढल्यास?"

"हे बघ, आजारी कोण आहे? तू. मग दोष कुणात असणार? तुझ्यात. साधं गणित आहे, यात तपासायचं काय? मी धडधाकट आहे, माझ्यामागं कुणी नाही, रडायला बाई नाही. तुझ्यामागं दोघी आहेत. एवढं सरळ आहे. एकदा तरी पहिल्या झटक्यात हो म्हण की."

गणित खरंच साधं होतं. बाईंनीही तेच मांडलं असतं. तो हो म्हणायला तोंड उघडणार होता. शब्द ओठांपर्यंत आलासुद्धा होता. खिडकीतून खालच्या इस्त्रीची ऊब येत होती, ओल्या कापडाचा वास, आणि त्या वासात बादली होती. मग त्याला आणखी एक पाय आठवला. दादा तेव्हा बावीस-तेवीसचा असेल, नुकताच बसवर लागलेला, आणि आठवडाभर एका पायात चप्पल, एका पायात काहीच नाही असा घरात लंगडत होता. दारात बोट सापडलं, म्हणाला होता. कुठल्या दारात, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. ज्याला विचारायची सवय होती तो तेव्हा जेमतेम दहावीत होता.

"ठीक आहे," पुन्हाएकदा म्हणाला. "तू लावल्यास परत. मानलं." दादाचा चेहरा सैल झाला. "मग हा डबा मी आज पोरीला देतो. दोष माझ्यात आहे म्हटल्यावर तिला निम्मी भीती आहे. निकालाला महिना लागेल. महिनाभर ती नाणं उडवत बसेल. काहीच नाही निघालं, तरी तो महिना गेलाच. आणि तिला एकदा विचारलंच की, काका, तुम्ही नक्की लावल्या होत्यात ना चिठ्ठ्या, तर तिला तू सांग. मला नको सांगूस."

दादानं डब्याकडे पाहिलं. वरचं नाव त्यानं ओठ हलवत वाचलं, जणू पहिल्यांदाच वाचत होता. याच पोरीला त्यानं बसच्या खिडकीत बसवून शेवटच्या स्टॉपपर्यंत आणि परत, तिकीट न काढता, कितीदा फिरवलं होतं. "तिचं काय मध्येच?" तो म्हणाला. "तिचा काय संबंध? माझ्या डोक्यातच नाही आलं ते." खाली कुणीतरी शर्टावर पाणी शिंपडत होतं.

"दादा, बूट काढ."

"इथं?"

"इथंच."

दादा वाकला, पण नाडी सुटेना. पुन्हाएकदा जमिनीवर बसला आणि दोन्ही नाड्या त्यानं नखांनी सोडवल्या. डावा बूट सहज निघाला. उजवा काढताना दादानं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि तोंडातून आवाज काढला नाही, हेच पुरेसं होतं. अंगठा तांबडा लाल, तकाकणारा, शेजारच्या बोटांना बाजूला ढकलून बसला होता. पुन्हाएकदानं त्याला बोट लावलं नाही. नुसती धग जाणवली.

"कधीपासून?"

"परवा. तसा येतो-जातो. वर्षातून दोनचारदा." दादा छताकडे बघत बोलत होता. "तुला आरशात पाहिलं ते खरं आहे. म्हटलं, असू दे, तुझा खेळ आहे, नंतर सांगशीलच. मग सकाळी बाई म्हणाल्या, तुम्ही स्वच्छ. तेव्हा मला कळलं की मी नाही. म्हटलं, बरंच झालं, चालून आलंय. माझी अजून चालतेय ना? दोन आहेत. एक दिली तर काय... मला वाटलं, तू यावेळी तरी एकदाच वाचशील."

पुन्हाएकदा उठला, मोरीतून बादली आणली, प्लॅस्टिकची, निळी, नळाखाली अर्धी भरली. दादानं पाय आत सोडला आणि डोळे मिटले. डोळे मिटल्यावर तो हुबेहूब आईसारखा दिसत होता, आणि हे साठ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तो बाबांवर गेलाय असं घरात ठरलेलं होतं. पुन्हाएकदानं फोन काढला. बाईंना काय सांगायचं याचं वाक्य त्यानं मनात जुळवून पाहिलं: मी वजनमापे निरीक्षक आहे आणि मी चिठ्ठ्या बदलल्या. दोनदा म्हणून पाहिलं, दोन्हीदा मूर्खासारखंच ऐकू आलं. तिसऱ्यांदा न म्हणता त्यानं नंबर लावला. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी दोघं या. रक्त मी माझ्यासमोर घेणार. आणि तुम्ही हात खिशात ठेवायचे." मुलीचा डबा तूर्त उघडू नका, असंही म्हणाल्या. चौदाच्या आकड्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंही विचारलं नाही. तो तिथंच होता, चौदाच, आणि आता त्याला अडवायला पुढं कुणी उभं नव्हतं.

"झालं समाधान?" दादा डोळे न उघडता म्हणाला. "घालवलीस किडनी."

"घालवली."

"आता?"

"यादीत नाव आहेच. शिवाय मशीन आहे. आठवड्यातून तीनदा, म्हणे."

"तुला तीनचं वेडच आहे." दादानं लुंगीच्या कनवटीतून गोळ्यांचं एक पाकीट काढलं आणि सवयीनं पुढं केलं. "हे तेवढं फोडून दे. ठणका थांबत नाही."

पुन्हाएकदानं पाकीट हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मग परत वाचली. मग ते स्वतःच्या खिशात टाकलं.

"ही चालायची नाही. किडनीला वाईट असते."

"अरे, पण..."

"पाणी किती प्यायलास सकाळपासून?"

"प्यायलो की. चार ग्लास."

"पुन्हा एकदा सांग."

दादानं बादलीतल्या पायाकडे पाहिलं. "दोन," तो म्हणाला.